डेड स्टॉकमधले तंबोरे

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो. चित्रातल्या बाईच्या ओठांचा लाल रंग ओठांवरच आहे, हनुवटीवर ओघळलेला नाही, याचे आपल्याला काहीच नवल वाटत नाही. पण रंगीत छपाई जेव्हा नवी होती, तेव्हा तोच कागद एकेका रंगासाठी यंत्राखालून पुन्हा पुन्हा जात असे. आणि दोन रंगांच्या मधल्या काळात हवा दमट झाली की कागद केसभर फुगे. केसभर म्हणजे किती? तर लाल रंग ओठांवरून घसरून हनुवटीवर यावा इतका. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याला १९०२ साली ह्या दुखण्याने अगदी बेजार केले. तेव्हा विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअराने एक यंत्रणा आखून दिली. छापखान्यातल्या हवेतला ओलावा उन्हाळा-हिवाळा एकसारखा, शेकडा ५५ च्या आसपास राहावा, एवढेच तिचे काम. आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याचा हा जन्म. तो माणसासाठी झाला नाही, कागदासाठी झाला. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गृहस्थाने ह्या विद्येला वातानुकूलन अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले, तेही कापडगिरण्यांतले सूत कोरडे पडून तुटू नये या खटाटोपात. कागद झाला, सूत झाले, आणि मग १९२० नंतरच्या दशकात चित्रपटगृहांतल्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाची पाळी आली.

हा इतिहास शोधण्याची पाळी माझ्यावर आणली ती एका महाविद्यालयाच्या कार्यवाहांनी. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. देशावरच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी असते तसेच ते आहे. तिथल्या संगीत विभागाला एका जुन्या गायकाच्या घरच्यांनी मिरजेचे चार तंबोरे आणि एक सतार दिली होती. मी शाळामास्तर, पण मिरजेच्या एका वाद्यकारागिराच्या घराण्यावर कादंबरी लिहिण्याच्या निमित्ताने त्या गल्लीत दोन वर्षे जाऊन-येऊन होतो. तेवढ्या भांडवलावर संगीताच्या बाई मला कार्यवाहांपुढे घेऊन गेल्या. वाद्ये वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत, पत्र्याखाली ठेवली आहेत, तिथली हवा आवरली पाहिजे, असे आम्ही सांगितले. कार्यवाह शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, पोरांच्या डोक्यावर धड पंखा फिरत नाही, आणि तुम्ही भोपळ्याला एसी मागता?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याला मुलांच्या फीच्या पैशांतून संस्था चालवायची आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी भोपळा म्हणजे काय ते पाहावे लागते.

मिरजेचे तंतुवाद्यकार मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे हात. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी सरली, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन हे आधी वाद्ये दुरुस्त करण्याकडे आणि मग घडवण्याकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड; गवयांचा राबता मोठा; पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तर तिथलेच होऊन राहिले. त्या एका घरातून कारागिरांची गल्ली उभी राहिली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. आणि ह्या साऱ्याला धरून ठेवतो तो सरस. म्हणजे एक वाळलेले फळ, एक वाळलेले झाड आणि जनावराच्या कातड्या-हाडांचा चिकट अर्क, अशा तीन तऱ्हेच्या वस्तूंची ती सोयरीक. तिघांचीही हवेशी देवघेव मरेपर्यंत चालूच असते. फक्त तिघांचे प्रमाण वेगवेगळे.

लाकूड ओल पिते तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही. रुंदीत, शिरांच्या आडव्या दिशेने वाढते. तबली पातळ, रुंद आणि कडेने सरसाने जखडलेली. श्रावणात तिला रुंदावायचे असते पण जागा नसते, म्हणून ती वर फुगते, घोडी उचलली जाते, जवारी बिघडते. वैशाखात तिला आखडायचे असते, पण कडा सोडत नाहीत. मग ती मधेच कुठेतरी शिरेच्या रेघेवर तडकते. आणि खरा घोटाळा पुढेच. मे महिन्यातला तडा जुलैत लाकूड फुगले की मिटतो. बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. तपासणीला आलेला मनुष्य "वाद्ये सुस्थितीत" असा शेरा मारून जातो. पुढच्या उन्हाळ्यात तोच तडा आणखी दोन बोटे पुढे सरकतो.

खुंट्यांचे तसेच. उन्हाळ्यात त्या सैल पडून तार उतरते. पावसात अशा घट्ट बसतात की पिरगळताना मोडायची भीती. तबल्याची पुडी दमट हवेत ढिली पडून सूर खाली येतो. पेटी तर कितीतरी घरांत असते. पावसाळ्यात एखादा सूर अडकून बोटाखालून सुटत नाही आणि आरती संपली तरी पेटी गातच राहते, हे पुष्कळांनी ऐकले असेल. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना उलटा अनुभव येतो. तिथल्या हिवाळ्यात घरे तापवतात, त्याने घरातली हवा कोरडीठक्क होते, आणि इथे पन्नास वर्षे धडधाकट असलेली सतार तिथे दोन हिवाळ्यांत तोंड उघडते.

वाद्यांचा हा स्वभाव वाजवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. इतका की हवेतली ओल मोजण्याची पहिली साधने ह्याच जातीची निघाली. आतड्याची तात ओलीने पीळ सोडते आणि कोरडेपणात धरते. तिच्या पिळावर चालणारी ओलमापके युरोपात जुन्या काळी होती. लंडनच्या रॉबर्ट हुकने १६६५ साली रानओटाच्या कुसळाच्या पिळावर काटा बसवून दाखवला. आणि जिनिव्हाच्या सोसूर नावाच्या पंडिताने १७८३ साली छापलेल्या ग्रंथात चक्क माणसाच्या केसाचे यंत्र दिले: धुऊन तेल काढलेला केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, त्याला काटा जोडला की झाले. केसाचे हे यंत्र पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ वेधशाळांतून चालू होते. घरातल्या बायकांना पावसाळ्यात केस वाळत नाहीत, आवरत नाहीत, एवढे ठाऊक असते. त्याच केसाने शास्त्रज्ञांना आकडे दिले.

मग अडचण कुठे आहे? अडचण महाविद्यालयात आहे. गवयाच्या घरी तंबोरा रोज हाताखालून जातो. गवसणी निघते, खुंटी फिरते, कुठे कुरकुर झाली की कानाला कळते. संस्थेत तो कोणाचाच नसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आमचे शैक्षणिक वर्ष. मे महिन्यात, जेव्हा देशावर दुपारची हवा फार कोरडी, तेव्हा खोलीला कुलूप लागते. जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसात, ते उघडते आणि खिडक्याही सताड उघडतात. वाद्याच्या सबंध वर्षातली सर्वांत मोठी उडी नेमकी अशा वेळी पडते, की तेव्हा बघायला कोणी नसते. सरकारी शिक्षणखात्याने मुद्दाम योजना करून वाद्यांचा छळ मांडला असता तरी याहून चांगले वेळापत्रक जमले नसते.

संगीताच्या खोलीसाठी संस्थाचालकांशी झगडणे हे काही आमच्याच नशिबी नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जनरल जॉन रीड नावाचा एक सेनानी, स्वतः बासरी वाजवणारा, १८०७ साली वारला. त्याने विद्यापीठाला संगीताच्या अध्यापनासाठी मोठी रक्कम ठेवली. अध्यापकाची जागा निर्माण व्हायला १८३९ उजाडले. पहिले तिघे अध्यापक फार टिकले नाहीत. १८४५ साली जॉन डोनाल्डसन आले. रीडचा पैसा संगीतावर कमी आणि इतर गोष्टींवर अधिक खर्च होतो आहे, हे त्यांनी ओळखले आणि धरूनच ठेवले. प्रकरण कोर्टापर्यंत गेले, वर्षानुवर्षे चालले, आणि अखेर १८५९ साली संगीताचा स्वतंत्र वर्ग बांधून झाला. तिथे डोनाल्डसन यांनी वाद्ये आणि नादशास्त्राची उपकरणे मांडली. मुलांना नुसते ऐकवायचे नाही, दाखवायचे. आपल्याकडे असा मनुष्य 'भांडकुदळ' म्हणून बदलीस पात्र ठरला असता. त्याच विद्यापीठाने पुढे १९५९ साली सेंट सिसिलिया हॉल ही १७६३ सालची जुनी गायनशाळा विकत घेतली आणि तीत जुनी कळफलकाची वाद्ये ठेवली. २०१४ ते २०१७ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा खोल्यांतल्या हवेची व्यवस्थाही नव्याने करण्यात आली. जनरलसाहेबांच्या मृत्यूपासून मोजले तर दोनशे दहा वर्षे लागली. कार्यवाहांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आम्हाला घाई काय?"

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. कलकत्त्याचे राजे शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ च्या सुमारास बेल्जमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर हिंदी वाद्ये भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीत महाविद्यालयाकडे आली आणि १८७७ साली तिथे वाद्यसंग्रहालय निघाले. पहिले संग्रहपाल व्हिक्टर माहियाँ. हे गृहस्थ वाद्यनिर्मात्यांच्या घराण्यातले. बीन, सारिंदा, मृदंग, झांजा अशा नाना तऱ्हा समोर आल्यावर त्यांची मांडणी कशी करावी हा पेच पडला. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून तत, सुषिर, अवनद्ध आणि घन अशी चार वर्गांची सोपी व्यवस्था होती. माहियाँ यांनी १८८० साली आपली सूची छापली ती चार वर्गांचीच. आणि तिच्यावरून पुढे १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जी पद्धत रचली, ती आज जगभरच्या संग्रहालयांत चालते. भरतमुनींची चौकट अशी कलकत्त्याहून पेटाऱ्यांतून प्रवास करून ब्रुसेल्सला पोचली. पण माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट ही, की माहियाँ १९२४ साली मरेपर्यंत त्या जागेवर होते, आणि संग्रह तीन हजारांवर गेला. वाद्यांना एक माणूस मिळाला. जागा मात्र पुरेना. शतकभर ती अपुऱ्या घरांत राहिली आणि २००० साली कुठे 'ओल्ड इंग्लंड' नावाच्या जुन्या दुकानाच्या इमारतीत त्यांना ऐसपैस संग्रहालय मिळाले.

माणूस मिळणे किती महत्त्वाचे, हे फिलिप बेट या संग्राहकाने ओळखले होते. १९६८ साली त्याने आपली वाद्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिली, पण अटी घातल्या: वाद्ये शिकवण्यासाठी वापरली जावीत आणि त्यांची देखभाल करणारा जाणता संग्रहपाल नेमला जावा. आपल्याकडचे दाते कोनशिलेची अट घालतात.

हवा सारखी ठेवल्याने लाकूड वाचते याचा मोठा पुरावा मात्र युद्धाने दिला, आणि तोही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा नॅशनल गॅलरीतली चित्रे वेल्समधल्या मॅनॉड येथे, पाटीच्या दगडाच्या खाणीत, १९४१ साली नेऊन ठेवली. खाणीच्या पोटात विटांची घरे बांधली आणि आतली हवा एकसारखी ठेवली. जुनी चित्रे लाकडी फळ्यांवर काढलेली. लंडनमध्ये त्या फळ्या आखडत-फुगत आणि वरचा रंग पापुद्र्याने सुटे, म्हणून दुरुस्तीवाल्याला उसंत नसे. खाणीत गेल्यावर हे दुखणे जवळजवळ थांबले. युद्ध संपले, चित्रे लंडनला परतली, आणि पापुद्रे पुन्हा सुटू लागले. फळ्या त्याच, रंग तेच. बदलली होती ती फक्त हवा. ह्यानंतर गॅलरीत वातानुकूलनाची मागणी नाकारणे कोणालाच शक्य झाले नाही.

यानंतर पन्नास वर्षे पश्चिमेकडच्या संग्रहालयांनी हवेचा आकडा जरासाही हलू द्यायचा नाही असा सोवळेपणा पाळला. वीज फार जळू लागली. शेवटी २०१४ साली संग्रहालयांच्या जाणकारांनी तो आग्रह सैल केला: बहुतेक वस्तूंना शेकडा ४० ते ६० ओलावा आणि १६ ते २५ अंश उष्णता चालते, दिवसभरात ओलावा दहापेक्षा जास्त वर-खाली होऊ नये, शिवाय त्या त्या मुलखाची हवाही लक्षात घ्यावी. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातली आमच्या तालुक्याच्या उपयोगाची गोष्ट हीच. तंबोऱ्याला थंडी नको असते. त्याला सारखेपणा हवा असतो.

कार्यवाहांना हे पटायला वर्ष लागले. पहिल्या बैठकीनंतर त्यांनी उदार होऊन कूलर देऊ केला. कूलर म्हणजे ओल्या वाळ्यातून येणारा वारा; उन्हाळ्यात दुपारी चालू आणि रात्री बंद, म्हणजे तबलीला रोज एक श्रावण आणि रोज एक वैशाख. तो नको म्हटल्यावर प्राचार्य जरा दुखावले. दुसऱ्या खेपेला जुना एसी मिळत होता, पण पहारेकरी सहाला मुख्य बटण बंद करतो, तो नियम मोडता येत नव्हता. बंद खोलीतली थंड हवा रात्री पुन्हा तापणार, दाराच्या फटींतून पावसाळी हवा आत येणार, आणि गार पडलेल्या लाकडावर ओल धरणार. आम्ही तोही नाकारला. तेव्हा हेडक्लार्कांनी माझ्याकडे असे पाहिले, की मागायला येऊन मिळालेले परत करणारा भिकारी त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

शेवटी वाद जिंकला तो एका वहीने. संगीताच्या वर्गातल्या दोन मुलींनी बाजारातून स्वस्तातले एक ओलमापक आणले आणि सकाळी अकराला व दुपारी चारला त्यातला आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. वर्षभर. सुटीतही, कारण त्यांतल्या एकीचे घर महाविद्यालयाच्या मागच्याच आळीत होते. वहीच्या उजव्या पानावर बाईंनी नोंदी केल्या: अमुक तारखेला खुंटी सुटली, अमुक तारखेला पहिल्या तंबोऱ्याची तबली तडकली, अमुक तारखेला तडा दिसेनासा झाला. डावे पान आणि उजवे पान शेजारी ठेवून वाचले की सांगायला काही उरत नव्हते. त्यावर मिरजेच्या कारागिराने दोन तबल्या बदलण्याच्या खर्चाचा कागद दिला. कार्यवाह हिशेबी मनुष्य, त्यांनी वही दोनदा चाळली आणि विचारले, "ह्या पोरीला मे महिन्यात किल्ली कोणी दिली?" किल्ली शिपाईमामांनी दिली होती. त्यावर पाच मिनिटे चौकशी झाली, आणि मग खोली बदलण्याचा ठराव झाला.

आता वाद्ये तळमजल्यावर, जिच्या भिंती बाहेर उघड्या नाहीत अशा आतल्या खोलीत आहेत. जाड लाकडाचे, दाराला नमद्याची पट्टी लावलेले कपाट केले. जाड लाकूड स्वतःच थोडी ओल पिते आणि थोडी सोडते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्याइतकी उड्या मारत नाही. पावसाळ्याचे चार महिने ओल शोषणारे छोटे यंत्र चालते. ते एसीपेक्षा कमी वीज खाते आणि त्याला पहारेकऱ्याच्या नियमातून सूट आहे. उन्हाळ्यात कपाटाच्या तळाशी पाण्याचे सुगड, त्यावर जाळीचे झाकण. तबल्यांची जोडी मात्र अजून जिन्याखालीच आहे. तिच्यासाठी ह्या वर्षी पैसे नाहीत असे लेखी कळवले आहे.

खोली बदलली तेव्हा जुन्या नोंदी पाहायला मिळाल्या. संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरात, ज्याला आम्ही शाळेत जडवस्तूसंग्रहाची वही म्हणतो, तंबोऱ्यांची नोंद बाकांच्या खाली आणि लोखंडी कपाटाच्या वर होती: 'तंबोरे, नग ४.' वेगळी वही घाला असे मी सुचवले. हेडक्लार्क म्हणाले, "गुरुजी, ऑडिटला तसला नमुना नाही." नवे ओलमापकही त्यांनी त्याच पानावर चढवले. दोघी मुली ह्या वर्षी पदवी घेऊन गेल्या आहेत. येत्या मेच्या सुटीत वही कोणी भरायची आणि किल्ली कोणाच्या सहीने द्यायची, याबद्दल संगीत विभाग आणि कार्यालय यांच्यात अजून पत्रव्यवहार चालू आहे.